शिवणीतली माया

माझी आत्या बायकांचे कपडे शिवायची, आणि माप घेताना आकडा कधी मोठ्याने म्हणायची नाही.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांची असेन मी. सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले की वहीत मापं लिहायचं काम माझ्याकडे यायचं. ती टेप फिरवायची, जिथे माप भरेल तिथे अंगठ्याचं नख दाबून धरायची आणि टेप तशीच माझ्याकडे कलती करायची. मी वाचायचं आणि लिहायचं. छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, उंची. खोलीत आणखी चार जणी बसलेल्या असल्या तरी कुणाची कंबर किती भरली हे कुणाला कळायचं नाही. गप्पा मात्र अखंड चालायच्या, मुलांच्या, परीक्षांच्या, कुणाच्या दुखऱ्या गुडघ्याच्या. आकडा तेवढा त्या नखाखालून माझ्या पेन्सिलीत उतरायचा आणि वही मिटायची.

टेप कंबरेवर आली की जवळजवळ प्रत्येक बाई श्वास आत ओढून धरायची. आणि काहीतरी बोलायची, माफी मागितल्यासारखं. "पोट जरा सुटलंय हो ताई." "दुसऱ्या बाळंतपणानंतर उतरलंच नाही बघा." "आता कमी करणारच आहे, जरा घट्टच शिवा." सडपातळ बायकाही बोलायच्या. त्यांची तक्रार दंड काटकुळे असल्याची, अंगावर काही शोभतच नसल्याची. आत्या टेप सैल सोडायची आणि म्हणायची, "श्वास सोडा. पूर्ण सोडा. मला कपडा तुमच्यावर बसवायचाय, रोखलेल्या श्वासावर नाही."

मग बाई हसायची. श्वास सुटायचा, त्याबरोबर खांदे खाली यायचे, जबडा सैल व्हायचा, मान आपोआप वर यायची. टेपवर दीड-दोन इंच वाढलेले असायचे, आणि तीच बाई आधीच्या क्षणापेक्षा कितीतरी छान दिसायची. मी पुढे बाईच्या देखणेपणाबद्दल पुष्कळ वाचलं, ऐकलं, स्वतःच्या शरीराशी पुष्कळ भांडलेही. पण वही हातात धरून पाहिलेले ते क्षण अजून मनातून जात नाहीत.

आत्या स्वतः जाड होती. घरात हा शब्द सहज वापरला जायचा, तीही वापरायची. आणि तरी आमच्या सगळ्या गोतावळ्यात डौलदार कोण, असं कुणी विचारलं असतं तर लहानथोर सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं असतं. का, ते मात्र कुणाला सांगता आलं नसतं. मी सांगायचा प्रयत्न करते.

ती खुर्चीतून उठायची ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. उठण्याआधी दोन्ही पावलं जराशी मागे घ्यायची. मग पाठ सरळ ठेवून कमरेतून किंचित पुढे झुकायची, आणि सगळं अंग एका ओघात वर यायचं. खुर्ची करकरायची नाही, गुडघ्यांवर हात टेकवावे लागायचे नाहीत. उभी राहिली की अर्धा क्षण थांबायची, आणि मगच पाऊल टाकायची. तो अर्धा क्षण मला फार आवडायचा. जणू ती स्वतःला सोबत घेऊन निघायची. कातरी उचलताना मुठीकडूनच उचलायची, ठेवताना आवाज व्हायचा नाही. कुणी बोलत असलं की मशीनचं चाक तळहाताने थांबवायची आणि बोलणाऱ्याकडे पूर्ण वळायची, नुसती मान नाही, खांद्यांसकट. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. दिवसभरात एकदाही ती स्वतःचा कपडा ओढायची नाही. खाली नाही, पुढे नाही, पोटावरून नाही. अंगात घातलेला कपडा ती विसरून गेलेली असायची.

मी डौल हा शब्द वापरला, तो जाणूनबुजून. नीटनेटकी, टापटीप, शालीन, रुबाबदार, हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण प्रत्येकाची वाट थोडी वेगळी. टापटीप आरशासमोर जमते. रुबाबाला समोर कुणीतरी दबणारं लागतं. शालीनतेत पुष्कळदा आवाज बारीक करण्याची अपेक्षा लपलेली असते, म्हणून मी तो शब्द जपून वापरते. डौल मात्र शिडाच्या होडीला असतो, फळांनी लगडलेल्या फांदीला असतो, मातीच्या घड्याला असतो. डौल म्हणजे वजन कसं पेललंय ते. वजनच नसेल तर डौल कुठून येणार? आपल्या जुन्या काव्यात तर बाईच्या चालीची थोरवी सांगायला हत्ती आणला गेला. गजगामिनी. आज हा शब्द कुणाला उद्देशून वापरला तर ती दुखावेल, कारण आपण त्यातला हत्ती पाहतो आणि त्याची चाल विसरतो. हत्ती चालताना जवळजवळ आवाज होत नाही. एवढं मोठं अंग, आणि घाई कुठेच नाही. ज्या कुणाला हा शब्द पहिल्यांदा सुचला, त्याने नीट पाहिलं होतं.

हल्ली आपण सर्रास 'एलिगंट' म्हणतो, त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'निवडणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. मला ते पटतं. निवडणारी बाई काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे जास्त बघते. चार दागिन्यांतला एक, तीन वाक्यांतलं एक. पण कपडे आणि दागिने निवडता येतात, अंगकाठी बऱ्याच अंशी मिळालेली असते. मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं, हा खरा प्रश्न. मी तो कितीतरी वर्षं चुकीच्या पद्धतीने सोडवत बसले होते.

पस्तिशीत असताना एकदा एका दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मी अडकले. ड्रेस डोक्यावरून आत गेला, चेन अर्ध्यावर येऊन थांबली. वर जाईना, खाली येईना. बाहेरून तिथल्या मुलीने विचारलं, "मॅडम, मोठा साइज देऊ का?" तिच्या आवाजात काही वावगं नव्हतं. पण मी त्या पडद्याआड उभी राहून रडले. ज्या साइजचे कपडे मी आधीची दहा वर्षं घालत होते, त्याच साइजने मला नाकारलं होतं. त्या दिवशी मी काहीही न घेता बाहेर पडले आणि पुढे वर्षभर नवा कपडा घेतला नाही. पुष्कळ जणी असंच करतात. बारीक होईपर्यंत नवं काही घ्यायचं नाही, चांगलं दिसणं तोवर पुढे ढकलायचं. आत्याकडे यायच्या त्या बायकांपैकी मीही एक झाले होते.

तो आकडा आला कुठून, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर फार बरं वाटलं. १९३९-४० साली अमेरिकेच्या शेतीखात्याने जवळपास पंधरा हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची एकोणसाठ. तयार कपड्यांचे साइज ठरवण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेली ही पहिली मोजणी. त्यात गौरवर्णीय नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरली गेली नाहीत. त्या मोजणीच्या आधाराने १९५८ साली साइजचं सरकारी प्रमाण ठरलं. बायका त्या तक्त्यात बसेनात. ते प्रमाण १९८३ साली मागेच घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा लावते. गिऱ्हाइकाला खूश ठेवायला मोठ्या कपड्यावर लहान आकडाही लावला जातो. म्हणजे ज्या लेबलपायी मी रडले, त्याला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईपर्यंतसुद्धा अर्थ उरत नव्हता.

वजनाच्या आकड्याचंही थोडंफार असंच. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हा हिशेब बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने १८३२च्या सुमाराला मांडला. खगोलशास्त्रातून आलेला हा माणूस सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता. समोर उभ्या असलेल्या एका बाईबद्दल त्याला काही सांगायचं नव्हतं. त्या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ साली मिळालं. वजनाचा तब्येतीशी संबंध आहेच, ते मी नाकारत नाही. माझे गुडघे मला रोज सांगतात. तो डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे, आणि तिथे तो मोकळेपणाने बोलावा. देखणेपणाच्या वहीत तो आकडा लिहायचं काही कारण नाही.

इथे मला हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्न हिच्याबद्दल बोलायचंय. डौलदार बाई म्हटलं की जगभर तिचा फोटो पुढे केला जातो आणि त्याबरोबर तिची ती नाजूक कंबर आपल्या डोक्यात पक्की बसते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ला, ती पंधरा वर्षांची होती आणि नेदरलँड्समध्ये होती. त्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, हजारो माणसं भुकेने मेली. तिला कुपोषण झालं, ॲनिमिया झाला. युद्ध संपल्यावर ती लंडनला मारी रँबर्टकडे बॅले शिकायला गेली. मुख्य नर्तकी होणं तुला जमणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. उंची आड आली, आणि उपासमारीने अंगात उरलेला अशक्तपणाही. मग ती अभिनयाकडे वळली.

हे वाचल्यावर मी तिचे फोटो पुन्हा बघितले. नीट बघितलं तर नजर धरून ठेवते ती तिची मान. डोकं कण्यावर असं ठेवलेलं की जणू त्याला वजनच नाही. हात हालचालीच्या शेवटापर्यंत जातो, मध्येच गळत नाही. हे सगळं बॅलेचं देणं, वर्षानुवर्षांच्या सरावाचं. बारीक अंगामागे उपासमारीचा तो हिवाळाही होता. दोन वेगवेगळे धागे एका बाईत एकत्र आले आणि जगाने त्यातला दुसरा उचलला. पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी तिच्यासारखं दिसायचं म्हणून जेवण सोडलं. तिच्यासारखं उभं राहायला शिकावं, असं फार थोड्या जणींना वाटलं. हे मला मनापासून दुखतं.

उभं राहण्याबद्दल आणखी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर नावाचा एक तरुण रंगमंचावर काव्यवाचन करायचा. कार्यक्रमात त्याचा आवाज बसायला लागला. औषधांनी फरक पडेना, तेव्हा त्याने आरसे लावून स्वतःला बघायला सुरुवात केली, एकदा नव्हे, महिनोन्‌महिने. त्याला दिसलं ते असं, की तोंड उघडण्याआधीच तो डोकं मागे आणि खाली खेचतोय, घसा आवळतोय, आणि हे करताना त्याला काही जाणवतही नाही. त्यातून त्याची पुढची सगळी शिकवण उभी राहिली. आपलं डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते कण्याच्या टोकावर अलगद तोललेलं असलं तर मानेला फारसे कष्ट पडत नाहीत. जरा पुढे सरकलं की मागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरत बसतात. 'ताठ उभी राहा' असं मुलींना सांगतात ना, त्याने काम होत नाही. मुलगी छाती पुढे काढते, कंबर आवळते, पाच मिनिटांत थकते. आत्या ताठ नव्हती. तिच्या अंगात कुठे ओढाताण नव्हती, एवढंच.

आणि मी नेमकी ओढाताणीत जगत होते. त्या ट्रायल रूमनंतर मी लपायला शिकले. काळा रंग. पोटावरून सोडलेली लांब ओढणी, उन्हाळ्यातसुद्धा. हातातली पर्स पोटासमोर. फोटो काढायची वेळ आली की मागची रांग, शक्यतो कुणाच्या तरी खांद्याआड. त्या वर्षांतल्या फोटोंत माझं नुसतं डोकं आहे. लपून लपून माझे खांदे पुढे आले, चाल आखूड झाली, बसताना मी आधी आपण कुठून कसे दिसू याचा हिशेब करायला लागले. समोरचा माणूस बोलत असायचा आणि माझं अर्धं लक्ष ओढणी सरकली का याकडे असायचं. आपण लपवतोय हेच समोरच्याला सगळ्यात आधी दिसतं, हे मला कळत नव्हतं.

आत्याला ते दिसलं. एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आल्यापासून किती वेळा ड्रेस खाली ओढलास, माहितीये तुला?"

मी गप्प. डोळे भरून आले.

"ज्याला सारखं ओढावं लागतं ना, त्याचं माप खोटं असतं. तुझं काही चुकत नाहीये. काढ तो इकडे."

तिने मला तिचा एक ड्रेस घालायला दिला, माझा ड्रेस उलटा करून टेबलावर पसरला आणि चष्मा लावला. पुढचा तासभर ती जे बोलली ते मला सौंदर्याच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खांदा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. दंडावर उतरली तर बाई ओघळल्यासारखी दिसते, मानेकडे सरकली तर आखडलेली. खांदा बसला की अर्धा कपडा बसला. पोट झाकायला म्हणून आपण मोठा कपडा घेतो तेव्हा पहिला बिघडतो तो खांदा, आणि बघणाऱ्याला पोटाआधी खांदाच दिसतो. मग मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती जागा. "हात मोकळा राहावा म्हणून तू खोल मुंढ्याचा कपडा घेतलास. होतं उलटंच. मुंढा जितका खोल, तितका हात उचलला की सगळा कपडा वर येतो. मग तू तो खाली ओढतेस." काखेजवळ नीट बसलेला, जरा उंच मुंढा असला की हात स्वतंत्र हलतो आणि कपडा जागच्या जागी राहतो. मी तिथेच तिच्या ड्रेसमध्ये हात वर करून बघितला. तो ड्रेस मला सैल होता, पण जागचा हलला नाही. चाळिशी जवळ आलेली असताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या त्या सततच्या ओढण्याचं कारण माझं पोट नव्हतंच.

मग तिने सुरकुत्या वाचायला शिकवलं. कपड्यावर आडव्या सुरकुत्या ताणल्या गेल्या तर तो तिथे घट्ट आहे, उभ्या लोंबल्या तर सैल. सुरकुत्या ज्या बिंदूकडे धावतात, दुखणं तिथे आहे. कापड कसं पडतं ते बघायला ती ते टोकाला धरून हवेत सोडायची. हलकं, कडक कापड अंगापासून फटकून राहतं. जरा वजनदार, मऊ कापड अंगाच्या सोबतीने खाली येतं. म्हणजे कापडालासुद्धा वजन असल्याशिवाय डौल येत नाही. पॅरिसची फॅशन डिझायनर कोको शनेल, तिच्या कारखान्यात जाकिटाच्या खालच्या घडीत आतून बारीक साखळी शिवतात ती याचसाठी. साखळी बाहेर दिसत नाही, पण तिच्या भाराने जाकीट सरळ पडतं.

आत्याला पॅरिसची नावं ठाऊक नव्हती. मला ती नंतर कळली आणि प्रत्येक वेळी तिचीच आठवण आली. मादलेन व्हियोने ही डिझायनर १९२०च्या दशकात कापड उभ्या-आडव्या धाग्याला पंचेचाळीस अंशांवर तिरकं ठेवून कापायची, त्यामुळे न ताणणारं कापडसुद्धा अंगाच्या वळणाप्रमाणे वळायचं. तिच्या कपड्यांनी कंबर आवळून धरणाऱ्या कॉर्सेटची गरजच उरू दिली नाही. आणि बालेन्सियागा! स्पॅनिश माणूस, आई शिवणकाम करणारी. त्याने १९३७ ते १९६८ पॅरिसमध्ये दुकान चालवलं. कॉलर मानेपासून जरा मागे सरकवलेली, म्हणजे मान लांब दिसते. बाही मनगटाच्या वर थांबवलेली, म्हणजे हाताचा सगळ्यात रेखीव भाग उघडा राहतो. कंबरेभोवती कपड्याला हवा खेळायला जागा. बाही मनासारखी बसली नाही तर तो ती उसवून पुन्हा जोडायचा. त्याच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका ना तरुण होत्या ना बारीक, आणि त्याच्या कपड्यांत त्या दिमाखदार दिसायच्या. बाईचं अंग जसं आहे तसं धरून त्याच्याभोवती कापड उभं करणारी ही माणसं. अंग कापडाच्या मापात कोंबायचं, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पैसेवाल्यांचं. तसं मी मानत नाही. खांद्याची शिवण जागेवर आणायला पैसा कमी आणि नजर जास्त लागते. आत्याचे स्वतःचे ड्रेस मोजून पाच-सहा होते, सगळे साध्या सुती कापडाचे, धुऊन धुऊन मऊ झालेले.

आवाजाबद्दल, बोलण्याबद्दलही लिहिता येईल. वाक्य पूर्ण करणं, दुसऱ्याचं वाक्य न तोडणं, काम करणाऱ्या माणसांशी बरोबरीने बोलणं. ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली एकच गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते, ती म्हणजे लक्ष. स्वतःवरून हटलेलं लक्ष समोरच्याला लगेच जाणवतं. आत्या मशीनचं चाक थांबवून वळायची तेव्हा समोरच्या बाईला आपण या घडीला सगळ्यात महत्त्वाच्या आहोत असं वाटायचं. अशा बाईच्या कंबरेकडे कोण बघतंय?

१४ जुलै १९८९ या दिवशी पॅरिसमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाल्याचा सोहळा होता. फ्रान्सचं राष्ट्रगीत गायला जेसी नॉर्मन उभी राहिली. अमेरिकेची कृष्णवर्णीय ऑपेरा गायिका, उंच, भरभक्कम. अझेदीन अलाया या डिझायनरने तिला निळ्या-पांढऱ्या-लाल झेंड्यातच लपेटलं होतं, अफाट कापड, मागे घोळणारं. त्या सोहळ्याचं चित्रण मी कितीदा बघितलं असेल. कुठे काही झाकायचा प्रयत्न नाही. उलट जेवढी आहे त्याहून मोठी होऊन ती येते. पावलं सावकाश. गाताना छाती, पोट, पाठ सगळं श्वासाने भरतं आणि रितं होतं. त्या आवाजाला ते सगळं अंग लागतं. तिने पोट आत ओढून धरलं असतं तर सूर आलाच नसता. तिला बघताना मला नेहमी आत्याचं ते वाक्य ऐकू येतं, श्वास सोडा.

आत्याचा एक नियम होता. कपडा आजच्या मापाचा शिवायचा. 'बारीक होणारे, घट्ट शिवा' म्हणणाऱ्या बाईला ती हो म्हणायची आणि शिवायची आजच्याच मापाने. "ती आज घालणार आहे ना? मग आजच्या बाईला नको का तो नीट बसायला?" पण आत, शिवणीत, ती नेहमी माया ठेवायची. शिवणकामात कडेला जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत असेल. अंग भरलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. तयार कपड्यात ती जवळपास नसतेच, दोन-तीन दोऱ्यांच्या अंतरावर कापून मोकळे होतात. मला त्या शब्दाचं फार अप्रूप वाटतं. शरीर बदलणार आहे हे गृहीत धरून आधीच आत ठेवलेली जागा, आणि तिला कुणीतरी हे नाव दिलं.

त्या दुपारी तिने माझा ड्रेस दुरुस्त करून दिला. मी मागची रांग एकदम सोडली असं काही झालं नाही. ओढणी सुटायलाच दोन वर्षं गेली. पण ओढणं थांबलं, आणि त्याबरोबर कितीतरी वेळ मोकळा झाला. माणसं काय बोलतात ते ऐकू यायला लागलं.

शेवटची दोन वर्षं आत्या आजारी होती. तिचं वजन भराभर उतरलं. ज्यांना आजाराचं ठाऊक नव्हतं त्या बायका भेटल्या की म्हणायच्या, "अय्या, किती छान बारीक झालात! काय करता हो?" ती नुसती हसायची. मी सोबत असले की मला संताप यायचा. तिला नाही यायचा. त्या बारीक, थकलेल्या अंगानेही ती उठायची तशीच. पावलं जरा मागे, पाठ सरळ, एक ओघ, आणि मग तो अर्धा क्षण थांबणं. फक्त आता तो अर्धा क्षण थोडा लांबायचा. अंग निम्मं झालं होतं, डौल तेवढाच होता.

तिचे ड्रेस तिला लोंबायला लागले. एक दिवस तिने मला राखाडी ड्रेस काढायला लावला आणि म्हणाली, "माप घे माझं. हा असा लोंबता घालून मी कुणासमोर बसणार नाही."

मी टेप घेतली. तिने श्वास सोडला. मी कंबरेवर टेप भरली, नख दाबून धरलं, आणि मला तो आकडा दिसला. खोलीत आम्ही दोघीच होतो, वही लिहायला तिसरं कुणी नव्हतं. मी टेप तिच्याकडे कलती केली. तिने चष्मा लावून वाचलं, पेन्सिल घेतली आणि वहीत स्वतःच्या नावाखाली, जुन्या आकड्याच्या खाली, नवा आकडा लिहिला.

मी ड्रेस उलटा करून दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या. आत जवळजवळ चार-चार इंच कापड जास्त होत होतं, म्हणून कातरी उचलली.

"कापू नकोस," ती म्हणाली. "नुसता दाबून घे. मी भरणार आहे परत."

मी कातरी ठेवून दिली आणि मशीनमध्ये राखाडी दोरा ओवला.